बाहेर पडायला आईचं नाव

आमच्या दारावर ‘भाषांतर व ग्राहकसेवा’ अशी पाटी आहे. भाषांतर आम्ही करत नाही. आणि सेवेचं म्हणाल, तर जुगार खेळणाऱ्या माणसाची जेवढी सेवा करता येते तेवढी करतो.

जुगार ऑनलाइन. खेळघर कुठल्याशा लांबच्या बेटावर नोंदलेलं आहे, मालक कोण ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. पैसा डिजिटल, ना नोट ना नाणं. एका फोनातून दुसऱ्या फोनात जातो आणि बँकेला वाससुद्धा येत नाही. अरबी बोलणारी गिऱ्हाइकं सांभाळायला आम्ही इथे अलेक्झांड्रियात, समुद्रापासून जरा आत, एका दातांच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर बसतो. खालून यंत्राची घरघर येत असते आणि वर आम्ही लोकांना विचारत असतो, तुम्ही नक्की तुम्हीच ना?

माझं काम तेच, ओळख पटवण्याचं. गंमत अशी की ते काम मी ज्या नावाने करते ते नावच माझं नाही. गिऱ्हाइकाला खरं नाव सांगायचं नाही, असा नियम आहे. रुजू झाले त्या दिवशी मला एक हेडफोन मिळाला आणि ‘सलमा’ हे नाव मिळालं. आधीची सलमा लग्न करून गेली होती, तिच्या दोन्ही गोष्टी माझ्याकडे आल्या. हेडफोन जरा घट्ट होतो.

खरं नाव इन्शिराह. पण ते तरी कोण घेतं? गल्लीत मी उम्म वगदी, म्हणजे वगदीची आई. नवरा होता तोवर त्याच्या फोनमध्ये मी ‘सरकार’ होते. मुलाच्या फोनमध्ये ‘घर’ आहे. घरातल्या बाईचं नाव चारचौघांत उघडं पडू नये म्हणून आमचे पुरुष काय काय करतात, याच्यावर हसावं की रडावं ते मला या वयातही ठरवता आलेलं नाही. बहुतेक वेळा मी हसते.

पूर्वी मी मुलांच्या शाळेत शिकवायचे. प्रवेशाच्या कागदावर आईचं नाव असतं, आणि ते कागद मी कपाटात कुलूप लावून ठेवायचे. एका पोराला दुसऱ्याच्या आईचं नाव कळलं की संपलंच. मधल्या सुट्टीत सगळं पटांगण ते नाव ओरडत फिरायचं आणि ज्याची आई तो पोरगा ओठ फुटेपर्यंत मारामाऱ्या करायचा. पोरं मोठी होतात, मिशा येतात, पण ती धास्ती काही जात नाही. त्यात कुणीतरी आत्या-मावशी सांगून ठेवते, की आईचं नाव वैऱ्याला कळलं तर करणी करायला तेवढं पुरतं.

आणि आमच्या खेळघरात शिरताना नाव, पत्ता, कार्ड काही लागत नाही. हवं ते टोपणनाव घ्या आणि एका गुप्त प्रश्नाचं उत्तर द्या. तो गुप्त प्रश्न आहे, ‘तुमच्या आईचं नाव काय?’ ज्याने हा प्रश्न निवडला त्याला कुठल्या आईने जन्म दिला देव जाणे. अरबी माणसाला हा प्रश्न! मी पाहिलेली उत्तरं सांगू? ‘तुला काय करायचंय’, ‘देवाला माहीत’, फुटबॉलच्या खेळाडूंची नावं, शेजाऱ्याच्या गाढवाचं नाव. बेधडक खोटं ठोकतात आणि आठवड्यात विसरतात.

आत शिरताना ते खपून जातं. घोडं अडतं ते बाहेर पडताना. एखाद्याला खातं कायमचं बंद करायचं असलं, म्हणजे पुन्हा कुठल्याही टोपणनावाने आपल्याला आत घेऊ नका असं सांगायचं असलं, तर मात्र खरं नाव हवं, कार्ड हवं, चेहरा हवा. आणि ते गुप्त उत्तरही हवंच, तेही कॅमेऱ्यासमोर, स्वतःच्या तोंडाने. फोन काय कुणाच्याही हातात असू शकतो. तीन संधी मिळतात. तिन्ही चुकल्या तर अर्ज रद्द, पुन्हा महिन्याने करा. त्या महिन्यात खेळायला मात्र दार सताड उघडं.

नियम जाचक आहे, पण मूर्ख नाही. आमच्याकडे निहाल नावाची मुलगी होती, मनाने फार मऊ. एका माणसाला उत्तर आठवेना तर ती म्हणाली, ‘फुलाचं नाव आहे बघा.’ त्याने दोन फुलं सांगितली, दुसरं लागलं. खातं त्याचं नव्हतंच, त्याच्या बहिणीचं होतं. बिचारीने भावापासून लपवून काय काय ठेवलं होतं ते सगळं त्याला दिसलं. दुसऱ्या दिवशी ती बहीण दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून आमच्याशी बोलायला आली आणि नुसती रडत राहिली. निहालची नोकरी गेली. तेव्हापासून सूचना नाही, इशारा नाही, हुंकारसुद्धा नाही. सगळे कॉल रेकॉर्ड होतात. मला हे पटतं. कपाटाला कुलूप लावणारी बाई आहे मी.

तर त्या गुरुवारी, दुपारची अजान होऊन गेल्यावर, एक व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग एक कान, मग एका साठीच्या माणसाचा चेहरा. भुवयांवर लाकडाचा भुसा. मागे कॉफीखाना, पत्र्याची टेबलं आणि सोंगट्यांचा खडखडाट.

“आवाज येतोय का, मॅडम?” तो गरजला.

“येतोय, उस्ता. तुमचा येतोय आणि अर्ध्या दुमियातचा येतोय.”

दुमियात मला अर्जाला जोडलेल्या ओळखपत्राच्या कार्डावरून कळलं. उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, झैनहुम; लाकडावर कोरीव काम करणारे, राहणार दुमियात, सुतारांचं आणि कंजुषांचं गाव. कार्डावरचा फोटो पोलिसांनी पकडून आणल्यासारखा होता, पण तसा तो सगळ्यांचाच असतो. चेहरा जुळला. आता कार्डावरून एवढंच सिद्ध झालं की झैनहुम हे झैनहुम आहेत. आमच्याकडे खातं होतं ते ‘दुमियातचा सिंह’ या नावाने, आणि तो सिंह झैनहुमच, हे कार्ड बिचारं कसं सांगणार?

“सिंह तुम्हीच का?”

“मीच, मॅडम. हसू नका.”

“हसत नाही. नवल करतेय. दुमियातचा माणूस आणि पैसे उडवतो? तुमच्याकडे तर पाहुण्याला विचारतात म्हणे, जेवणार का हलक्या पोटी झोपणार?”

तो हसला, मग हसू आटलं. “गावाचं नाव बुडवलंय मी, मॅडम. म्हणून तर बंद करायचंय. कायमचं.”

कारण विचारायचंच असतं, तसा एक रकाना आहे. विचारलं. झैनहुमला मुलगी आहे, नेमत. ईद झाली की तिचं लग्न. सुताराची पोर सासरी जाते ती बापाच्या हातचं सामान घेऊन. नाहीतर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. वर्षभर त्याने लेकीसाठी लाकूड कोरलं होतं. मग एक दिवस कपाट विकलं, कारण गेलेलं सगळं एका डावात परत येणार होतं. मग आरसा विकला.

“घरी माहीत आहे?”

“घरी वाटतंय कपाट पॉलिशला गेलंय.” त्याने तोंडावरून हात फिरवला, भुसा मिशीत आला. “आता पलंग उरलाय. उशाला द्राक्षाचा वेल कोरलाय, पान न् पान वेगळं. व्यापारी संध्याकाळच्या नमाजानंतर गाडी घेऊन येतोय. मी त्याला हो म्हटलंय, मॅडम. हे दार बंद झालं तर नाही म्हणेन. आणि नाही झालं तर काय होईल ते मला माहितेय. माझी ओळख तुम्हाला पटायचीय, मला कधीच पटलीय.”

मला हे बोलणं लागलं. अशी माणसं आमच्याकडे रोज येतात, रडतात, धमक्या देतात, कुराणावर हात ठेवून शपथा घेतात. हा तसलं काही करत नव्हता. दार लावून घ्या म्हणत उंबऱ्याशी उभा होता, एवढंच.

“बरं, उस्ता. एकच प्रश्न आहे. खातं उघडताना आईचं नाव काय दिलं होतं?”

त्याने आजूबाजूला पाहिलं. मागे सोंगट्या वाजतच होत्या.

“मॅडम,” तो म्हणाला, “इथे माणसं आहेत.”

“मग बाहेर जाऊन सांगा.”

“बाहेर नेट नाही. कॉफीखान्याच्या मालकाचं, मुअल्लिमचं वायफाय त्या खांबापर्यंतच येतं. तो पण दुमियातचाच ना.”

“मग हळू सांगा.”

“हळू?” तो गरजला. “जन्म करवतीपाशी गेला, मॅडम. मी हळू बोललेलं माझ्या बायकोनेसुद्धा ऐकलेलं नाही.”

मागे कुणीतरी खिदळलं. तेवढ्यात मी माझ्या पडद्यावरचं उत्तर उघडलं. ते मला दिसतं, गिऱ्हाइकाला दिसत नाही. तिथे लिहिलं होतं, ‘हव्वा’.

पाहिलं आणि त्याच क्षणी मला कळलं की हे कुठून आलं. माझा नवरा गेला तेव्हा वगदी कबरस्तानातून आला तो चिडलेला. पुरून झाल्यावर शेख कबरीपाशी बसतात आणि मेलेल्याला हाक मारून शेवटचे शब्द सांगतात. ती हाक बापाच्या नावाने मारत नाहीत. अमक्या बाईच्या मुला, असं म्हणतात. जन्मभर लपवलेलं नाव तेव्हा उघड्यावर येतं. शेखने वगदीला विचारलं, तुझ्या आजीचं नाव काय? पोराला माहीतच नव्हतं. माझी सासू सगळ्यांची उम्म हसनैन होती. मग शेखने रिवाजाप्रमाणे हाक मारली, ‘हव्वेच्या मुला!’ ज्याच्या आईचं नाव कुणाला ठाऊक नसतं त्याची आई हव्वा, आदमची बायको. आपण सगळेच तिचे.

म्हणजे झैनहुमने खोटंही लिहिलं नव्हतं आणि आईचं नावही दिलं नव्हतं. दुमियातचा खरा! पण हे त्याला आठवणार कसं? आणि मी तर ओठसुद्धा हलवू शकत नव्हते.

“आठवलं!” तो म्हणाला. “नवाल. नवालच लिहिलं असणार.”

“चूक, उस्ता. दोन राहिल्या.”

“चूक? अहो, आयुष्यभर नवालच सांगत आलो. शाळेत पोरं मागे लागली तेव्हा ठोकून दिलं, नवाल. मग ती नवाल नवाल करून ओरडायची आणि मी मारामाऱ्या करायचो. करायलाच लागायच्या, नाहीतर खोटं उघडं पडलं असतं. हा बघा दात.” त्याने तोंड उघडून एक रिकामी जागा कॅमेऱ्यासमोर धरली. “जी बाई जन्मालाच आली नाही तिच्या अब्रूसाठी गेला.”

मला हसू आवरेना. मागच्या खुर्चीवरून हातेम उठून आला. हातेम आमचा साहेब, वगदीहून लहान, डोक्याला सुगंधी तेल. तो माझ्या वर्गात असता तर मी त्याला पहिल्या बाकावर बसवला असता, हुशार म्हणून नव्हे, नजरेखाली राहावा म्हणून.

“मॅडम सलमा, फार वेळ होतोय,” तो माइक बंद करून म्हणाला. “तिसरं चुकलं की सोडून द्या. या महिन्यात बंद होणारी खाती फार झालीत. बेटावरून मला विचारतात.”

“आत येणाऱ्याला आपण किती वेळ लावतो रे?”

“त्याचं वेगळं आहे.”

“वेगळंच आहे. नियमात तीन संधी लिहिल्यात ना? घाई करा असं लिहिलंय का कुठे? दाखव, मी घाई करते.”

तो गेला नाही. माझ्या मागेच उभा राहिला. मी माइक चालू केला.

“उस्ता, सावकाश होऊ दे. मला घाई नाही.”

झैनहुम टेबलाकडे बघत बसला होता. बोटाने पत्र्यावर काहीतरी कोरत होता, वेलच असावा. मग एकदम वर बघून म्हणाला, “खरं सांगू का, मॅडम? खरं नाव?”

नको, उस्ता, म्हणावंसं वाटलं. ते नाही आहे यंत्रात, ते राहू दे तुझ्याकडे, जन्मभर सांभाळलंस ते या पडद्यापायी घालवू नकोस. पण ते ‘नको’ म्हणजेच इशारा झाला असता. निहालने तरी वेगळं काय केलं होतं? मी मूग गिळून बसले, आणि त्या क्षणी मला माझ्या नोकरीचा मनापासून राग आला.

“उत्तर तुम्ही द्यायचं, उस्ता,” मी म्हणाले. “मी फक्त बरोबर की चूक ते सांगते.”

तो उभा राहिला. डोक्यावरची लोकरीची टोपी काढली, छातीशी धरली, आणि कॉफीखान्याकडे वळला.

“ऐका रे! कान झाका म्हटलं तर झाकणार नाही तुम्ही, मग ऐकाच एकदाचं. माझ्या आईचं नाव सित्तुहुम होतं!”

सोंगट्या थांबल्या. सित्तुहुम, म्हणजे ‘त्या सगळ्यांची मालकीण’. पाठोपाठ मुलगेच झालेल्या घरात शेवटी मुलगी आली की जुने लोक हौसेने ठेवायचे. शाळेतल्या पोरांनी या नावाचं काय केलं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं. पटांगणातला तो गलका माझ्या कानात आधीच सुरू झाला.

“चूक, उस्ता,” मी म्हणाले. हा शब्द तोंडातून काढताना एवढं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

तो सावकाश कॅमेऱ्याकडे वळला. “आईच्या नावाला चूक म्हणता, मॅडम?”

“आईचं नाव बरोबरच असणार. यंत्रात ते नाही, एवढंच मला सांगता येतं. एक राहिली.”

तो खाली बसला. टोपी हातातच होती. कुणी हसेल म्हणून मी वाट बघत होते, आणि हसलं असतं तर कदाचित मी नियम मोडून त्याला चार शब्द सुनावले असते. पण एक जाडजूड म्हातारा हातातला ट्रे ठेवून लंगडत पुढे आला. तो कॉफीखान्याचा मालक, मुअल्लिम.

“सित्तुहुम?” तो म्हणाला. “म्हणजे तुझी आई, उम्म झैनहुम? दवाखान्यात माझा पाय कापला तेव्हा रोज मोलोखियाची भाजी पाठवायची ती?”

“तीच.”

“इतके दिवस तिच्या हातचं खाल्लं आणि नाव आज कळतंय.” म्हातारा टेबलाला धरून नीट उभा राहिला. “अल्लाह तिच्यावर रहम करो. फातिहा वाचा रे, सित्तुहुमसाठी.”

आणि मेलेल्यांसाठी वाचायची ती कुराणातली फातिहा वाचली की त्यांनी. जितके होते तितक्यांनी हात वर धरले आणि पुटपुटू लागले. कुणाच्या बोटांत सिगारेट तशीच जळत होती. झैनहुमने टोपीत तोंड लपवलं. मी हेडफोन कानावर दाबला. असा गलका मी कुठल्याही पटांगणात ऐकला नव्हता.

“हे काय चाललंय?” हातेम माझ्या कानाशी म्हणाला.

“फातिहा.”

“कॉलवर?”

“कॉलवर. थांबव हिंमत असेल तर.”

फातिहा कोण थांबवणार? तोही संपेपर्यंत मुकाट उभा राहिला, आणि शेवटी त्याचेही ओठ हलले ते मी पडद्याच्या काचेत पाहिलं.

हात तोंडावरून फिरवून झाले तसा मुअल्लिमने झैनहुमच्या पाठीत एक धपाटा घातला. “एवढा काय लाजत होतास, गाढवा? उद्या मेलास की शेख कबरीपाशी बसून याच नावाने हाक मारणार होता तुला. झैनहुम, सित्तुहुमच्या मुला! आम्ही सगळे तिथे उभे राहून ऐकणारच होतो.”

“नसतं ऐकलंत,” झैनहुम नाक पुसत म्हणाला. “शेखला मी आधीच बजावून ठेवलंय. माझ्या वेळी पण तेच म्हणा म्हटलं, जे बापाच्या वेळी म्हणालात. बापाला पुरताना आजीचं नाव कुणी सांगेना, तेव्हा नाही का शेख म्हणाले...”

तो थांबला. तोंड उघडंच राहिलं, पडलेल्या दाताची जागा दिसत होती. मी टेबलाखाली दोन्ही हातांच्या मुठी आवळल्या. सांग, उस्ता. बोल, माझ्या राजा.

“मॅडम,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज हळू आला. “बाप गेला त्याच आठवड्यात मी हे खातं उघडलं. घरात बसवत नव्हतं. फोनवर आईचं नाव विचारलं तर हसूच आलं. म्हटलं, मेलेल्यालाही हेच विचारतात आणि जिवंतालाही हेच.”

“उत्तर तुम्ही द्यायचं, उस्ता.” हे मी मघासारखंच म्हणाले. निदान तसा प्रयत्न केला.

“हव्वा,” तो म्हणाला.

“बरोबर.”

त्याला ऐकू आलं नसावं. मीच ते इतकं हळू म्हणाले होते. “बरोबर, उस्ता!” मी ओरडले, आणि ऑफिसमधल्या सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं.

पुढचं काम यंत्राचं. समोर बघा, डावीकडे बघा, उजवीकडे बघा. आजवर ज्याच्याबद्दल आमच्या खेळघराला एका खोट्या सिंहापलीकडे काही ठाऊक नव्हतं, त्याचा चेहरा, नाव, जन्मतारीख, सगळं आता कुठल्याशा बेटावर कायमचं जाऊन बसलं. मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. सांगावंच लागतं, आणि नसतं लागत तरी सांगितलं असतं.

“म्हणजे हे मला आता मरेपर्यंत ओळखणार?”

“हो. आत सोडायचं नाही म्हणून ओळखणार.”

“चालेल,” तो म्हणाला. “लपून राहिलो तेव्हाच जास्त लुबाडला गेलो.”

पडद्यावर ओळ आली, खातं बंद. झैनहुमने ती दोनदा मोठ्याने वाचली. मग मागे वळून गरजला, “मुअल्लिम! तो गाडीवाला आला की सांग, पलंग विकायचा नाही. तूच सांग, मोठ्याने सांग. त्याने नोटा काढल्या की माझा भरवसा नाही.”

“सांगतो. आणि कपाटाचं काय करशील?”

“पुन्हा कोरेन. ईदपर्यंत हात काय शोभेला आहेत?” तो परत माझ्याकडे वळला. “मॅडम सलमा, उद्या जुम्मा आहे. नमाजानंतर तुमच्यासाठी दुआ मागेन. दुआत आईचं नाव घेतात. सलमा, कुणाची मुलगी म्हणू?”

मागे हातेम खाकरला. त्याचं खाकरणं मला कळलं. आपलं खरं नाव गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. पण नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात माझी आई कधी आलीच नसावी. तिच्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. अडवत होतं ते दुसरंच काही. परक्या पुरुषांनी भरलेल्या कॉफीखान्यात आईचं नाव घ्यायचं? माझे भाऊ असते तर फोन आपटला असता. मी स्वतः ते नाव शेवटचं कधी मोठ्याने उच्चारलं होतं, आठवायला गेले तर आठवेना. समोर तो माणूस टोपी हातात घेऊन वाट बघत होता. त्याने तर उभं राहून सांगितलं होतं.

“रतीबा,” मी म्हणाले. “सलमा, रतीबाची मुलगी.”

“जिवंत आहेत?”

“नाही.”

“रतीबासाठी पण वाचा रे!” तो ओरडला, आणि पुन्हा सगळे हात वर झाले.

माझी आई कधी दुमियातला गेली नाही. अलेक्झांड्रियाबाहेरच ती फारशी पडली नाही. तिच्या कबरीवरच्या पाटीवरसुद्धा ‘अमक्याची आई’ एवढंच आहे. आणि त्या दुपारी कुठल्याशा कॉफीखान्यात, भुशाने आणि धुराने भरलेल्या, अनोळखी माणसं तिचं नाव घेऊन पुटपुटत होती. मला रडू आलं. मी ते पुसलं नाही. आमीन झाल्यावरच कॉल बंद केला.

हातेम अजून मागेच होता. “मॅडम,” तो जरा घुटमळून म्हणाला, “हे सगळं रेकॉर्ड झालंय.”

“होऊ दे,” मी हेडफोन काढत म्हणाले. “निदान कुठेतरी राहील तिचं नाव.”